जगज्जेत्यांच्या खोल्या

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी १२ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी ऑफिसात कामाच्या विंडोमागे दुसरी एक विंडो उघडून ठेवली असणार. आमच्याकडे तरी तसंच होतं. सिंगापूरमध्ये गुकेश आणि डिंग लिरेन यांचा चौदावा, म्हणजे शेवटचा डाव चालू होता. गुण साडेसहा-साडेसहा. आता बरोबरी होणार आणि उद्या टायब्रेक, असं म्हणून सगळे तज्ज्ञ मोकळे झाले होते. पंचावन्नाव्या चालीला डिंगचा हत्ती एफ-२ वर गेला. गुकेशलाही क्षणभर दिसलं नाही, मग दिसलं... आणि अठराव्या वर्षी पोरगा जगज्जेता झाला. पटावर बसल्या बसल्या रडतानाचा त्याचा फोटो सगळ्यांनी पाहिला.

फोटोत तो एकटा आहे. पण सामना संपल्यावर त्याने जी नावं सांगितली ती फार कमी लोकांनी नीट वाचली. गायेव्स्की, वोयताशेक, डुडा, क्लिमकोव्स्की हे चौघे पोलंडचे, जर्मनीचा कायमर आणि आपला हरिकृष्ण. यातली बहुतेक नावं सामना संपेपर्यंत गुप्त होती. रोज रात्री ही मंडळी दुसऱ्या दिवशीचा डाव शिजवत होती, आणि सकाळी गुकेश तो डोक्यात भरून घेत होता. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड सहा जणांनी लिहिला, डेमो एकाने दिला. (डेमो देताना स्क्रीन हँग झाली तर निस्तरायचं मात्र त्या एकालाच. म्हणून मान त्याचाच, याबद्दल वाद नाही.)

बुद्धिबळ हा एकट्याचा खेळ आहे असं आपण लहानपणापासून ऐकतो. मला ते कधीच पटलेलं नाही. जगज्जेतेपदाचा इतिहास वाचायला लागलं की पटापेक्षा पटामागची खोलीच जास्त दिसते. चार डोकी, चहाचे कप, अर्धवट मांडलेल्या पोझिशन्स, पहाटेपर्यंतची भांडणं. ज्याला अशी खोली मिळाली तो पुढे गेला. आणि ज्यांना मिळाली नाही, किंवा ज्यांना दारातच अडवलं, त्यांची गोष्ट या इतिहासात अगदी कोपऱ्यात सापडते. आजचा लेख त्याबद्दल.

मी मूळचा विंचूरचा. विंचूर म्हटलं की इतिहासवाल्यांना पानिपतातून परत आलेले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर आठवतात, व्यापाऱ्यांना कांद्याचा उपबाजार आणि पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना वाइन पार्क. बुद्धिबळ कुणालाच आठवत नाही, आणि त्यात चूक काही नाही. पण माझा खेळ तिथेच सुरू झाला, आजोबांच्या हाताखाली, आणि तो देशी पद्धतीचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालतं. कॅसलिंग नाही. त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. आणि प्याद्याने मात करणं, म्हणजे 'प्यादेमात', हा सगळ्यात मोठा मान. आजोबा हातातला सोपा विजय सोडून प्यादेमात करायच्या मागे लागत आणि कधी कधी त्यापायी हरतही. हरल्यावर म्हणत, "जिंकायचं काय, कुणीबी जिंकतं."

या पद्धतीचा खेळ महाराष्ट्रात चांगला मुरलेला होता. १८१४ साली मुंबईत बुद्धिबळावर एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी मूळ संस्कृतातल्या पोझिशन्स निवडून त्या युरोपियन नियमांना जुळतील अशा मांडल्या होत्या. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच आपल्याकडच्या कुणीतरी दोन्ही पद्धतींमध्ये पूल बांधायचा प्रयत्न केला होता! (आमच्या धंद्यात याला 'मायग्रेशन' म्हणतात आणि ते तेव्हाही सोपं नसणार.)

हे मायग्रेशन किती महाग पडू शकतं ते मीर सुलतान खानच्या बाबतीत दिसतं. हा पंजाबचा माणूस, सर उमर हयात खान या बड्या जमीनदाराच्या पदरी होता. देशी पद्धतीने वाढलेला. १९२९ मध्ये धन्याबरोबर लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून बसला. नंतर १९३२ आणि १९३३ ला पुन्हा. १९३०-३१ च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कॅपाब्लांकाला हरवलं. ओपनिंगची पुस्तकं त्याच्या वाचनातली नव्हती, त्यामुळे पहिल्या दहा-पंधरा चालींत तो मागे पडायचा आणि मग नुसत्या ताकदीवर डाव ओढून आणायचा. १९३३ मध्ये त्याच घरातल्या फातिमा नावाच्या मुलीने ब्रिटनचं महिला अजिंक्यपद जिंकलं. एका धन्याच्या पदरी दोन ब्रिटिश चँपियन! आणि त्याच वर्षाअखेर धनी मायदेशी परतला, तर हे दोघेही परतले. संपलं. १९३५ साली व्ही. के. खाडिलकर यांच्याशी सुलतान खान दहा डावांचा सामना खेळला, त्यात नऊ जिंकले, एक बरोबरीत सुटला. त्यानंतर तो मोठ्या स्पर्धांमध्ये दिसत नाही. जागतिक संघटनेने त्याला मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ मध्ये. तोपर्यंत त्याला जाऊन अर्धशतक उलटलं होतं.

त्याच्याकडे डोकं होतं. खोली नव्हती. म्हणजे धन्याची हवेली होती, पण रात्री बसून "उद्या हा काय खेळेल" यावर भांडणारे चार जण नव्हते.

याउलट रशियनांकडे बघा. तेव्हा मोठे डाव एका दिवसात संपत नसत. ठरावीक चालींनंतर डाव तहकूब व्हायचा, ज्याची पाळी असेल त्याने आपली चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करायची, आणि दुसऱ्या दिवशी पाकीट फोडून पुढे खेळायचं. मधली रात्र दोन्ही खोल्यांची. १९५१ च्या सामन्यात बोट्विनिक जगज्जेता होता आणि ब्रॉनश्टाइन आव्हानवीर. दोन डाव उरले असताना ब्रॉनश्टाइन एका गुणाने पुढे होता. तेविसावा डाव तहकूब झाला. बोट्विनिकचा साहाय्यक फ्लोर, स्वतः जबरदस्त ग्रँडमास्टर, रात्रभर बसून पोझिशन उकरत राहिला. बुद्धिबळवाले पुढची गोष्ट अशी सांगतात, की सकाळी खेळायला निघताना बोट्विनिक त्याला म्हणाला, पाकिटात मी तू समजतोयस ती चाल लिहिलेलीच नाही. फ्लोरच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. बातमी फुटेल या भीतीने आपल्याच खोलीतल्या माणसाला रात्रभर चुकीच्या पोझिशनवर राबवायचं! तो डाव बोट्विनिक जिंकला, शेवटचा बरोबरीत सुटला, बारा-बारा झालं आणि नियमाप्रमाणे पद त्याच्याकडेच राहिलं. मला बोट्विनिकचे डाव आवडतात, पण हा किस्सा वाचल्यापासून माणूस म्हणून तो माझ्या मनातून उतरला तो उतरलाच. तुम्ही एखाद्या मित्राला रात्रभर डीबग करायला बसवलंय आणि बिल्ड मुद्दाम जुना दिलाय, अशी कल्पना करून बघा.

१९७८ च्या बागिओच्या सामन्यात तर खोल्यांचा सर्कस झाला होता. कार्पोवच्या गोटातून प्रेक्षकांत एक मानसशास्त्रज्ञ आणून बसवला होता, तो म्हणे कोर्चनॉयकडे टक लावून बघायचा. कार्पोवला डावात दही पाठवलं तर त्यात सांकेतिक निरोप असेल म्हणून कोर्चनॉयच्या गोटाने तक्रार केली. आणि कोर्चनॉयने मन:शांतीसाठी आपल्या भारतातल्या आनंदमार्ग पंथाचे दोघे जण बोलावून घेतले! बत्तीस डाव चालला हा प्रकार. त्यातले एकवीस बरोबरीत. कार्पोव सहा-पाच असा जिंकला.

असो. आता हॉस्टेलवर येतो.

मी इंजिनिअरिंगला २०१४ ला लागलो. पुण्यातलं कॉलेज, नाव राहू दे. माझा रूम पार्टनर परभणीचा, समोरच्या खोलीत एक इचलकरंजीकर, आणि या दोघांना खेळाचा किडा माझ्यापेक्षा जास्त. त्या नोव्हेंबरात सोचीला आनंद विरुद्ध कार्लसन सामना होता. आदल्याच वर्षी चेन्नईत, घरच्या मैदानावर, आनंद हरला होता. सगळ्यांनी त्याला म्हातारा ठरवून टाकलेलं. आणि या बाबाने चव्वेचाळिसाव्या वर्षी कँडिडेट्स जिंकून पुन्हा आव्हान दिलं होतं. सेमिस्टरची परीक्षा तोंडावर, पण सोचीचे डाव आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला सुरू होत आणि मेस सुरू व्हायच्या आधी खरी गंमत चालू झालेली असायची.

आम्ही कँटीनमध्ये बसायचो, खोलीत नाही. त्याचं कारण आमच्यात सगळ्यात चांगलं खेळणारी व्यक्ती मुलांच्या हॉस्टेलमध्ये येऊ शकत नव्हती. कम्प्युटरची एक मुलगी, नगर जिल्ह्यातली. कॉलेजच्या स्पर्धेत तिने सगळ्या मुलांना लोळवलं होतं. परभणीकर तिला 'बोर्ड वन' म्हणायचा, मग सगळेच म्हणायला लागले. तिचा एकच नियम: लॅपटॉपवर इंजिन चालू ठेवायचं नाही. डाव बघायचा, पुढची चाल स्वतः शोधायची, कटिंगची पैज लावायची. मी आयुष्यात इतके कटिंग कुणाला पाजले नसतील.

१५ नोव्हेंबर, शनिवार, सहावा डाव. गुण अडीच-अडीच. कार्लसनकडे पांढरी, आनंदची स्थिती जरा दबलेली. सव्विसाव्या चालीला कार्लसनने राजा डी-२ वर नेला. परभणीकर एकदम खुर्चीवरून उठला, "घोडा! घोडा मार ना ई-५ वर! अरे दोन प्यादी मिळतायत!" त्याने टेबलाखाली मोबाइलवर इंजिन चालू ठेवलं होतं. आम्ही सगळे ओरडायला लागलो, जसं काही सोचीला ऐकू जाणार होतं. आनंदने फार वेळ न घेता ए-फाइलचं प्यादं पुढे ढकललं. संधी गेली. मग डावही गेला. ओरडा थांबल्यावर बोर्ड वन शांतपणे म्हणाली, "तुला मोबाइलने सांगितलं. त्या दोघांना कोण सांगणार होतं?"

डावानंतर आनंद म्हणाला होता, की भेट मिळेल अशी अपेक्षाच नसली की कधी कधी ती घ्यायचीच राहून जाते, अशा अर्थाचं काहीतरी. मला हे वाक्य फार आवडतं. दुसऱ्या कुणी दहा कारणं दिली असती.

साडेआठला मुलींच्या हॉस्टेलचं गेट बंद व्हायचं. त्यामुळे बोर्ड वन प्रत्येक डाव अर्धा टाकून जायची. सोचीच्या त्या सामन्यातली तिची सगळी ओपनिंग्ज पाठ होती आणि लांबलेल्या डावांचे एंडगेम तिने दुसऱ्या दिवशी पेपरात वाचले. ती गेल्यावर आम्ही खोलीत बसून, दार लावून, इंजिन लावून बाकीचा डाव बघायचो आणि मध्यरात्रीपर्यंत भांडायचो. खरा खेळ मी त्या भांडणांत शिकलो. त्यात ती नव्हती, हे मला तेव्हा फारसं खटकलंही नाही, हॉस्टेलचे नियम म्हणजे मेसच्या भाजीसारखे असतात, चर्चा होत नाही.

पुढच्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी संघ निवडायचा होता. मुलींचा संघ करायला चार जणी हव्यात, आमच्याकडे खेळणाऱ्या दोन. म्हणजे मुलींचा संघ जाणार नाही. मग हिला मुलांच्या संघात घ्या, पहिल्या पटावर खेळेल, असं आम्ही क्रीडा विभागात जाऊन सांगितलं. "मुलांच्या संघात मुलगी बसत नाही." विषय संपला. तिच्या जागी इचलकरंजीकर गेला आणि दुसऱ्याच फेरीत घरी आला.

आणि इथे मला त्या दुसऱ्या खाडिलकरांबद्दल सांगायचंय.

गिरगावातलं 'नवाकाळ'चं घर. संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली: वासंती, जयश्री, रोहिणी. 'कीचकवध' लिहिणारे नाटककार आणि 'नवाकाळ'चे संस्थापक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या या पणत्या. १९७४ मध्ये बंगळूरला भारताची पहिली महिला अजिंक्यपद स्पर्धा झाली, ती वासंतीने जिंकली. नंतर जयश्रीने चार वेळा, रोहिणीने पाच वेळा. जवळजवळ दहा वर्षं हे विजेतेपद मुख्यतः एकाच घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत होतं. जयश्री १९७९ मध्ये भारताची पहिली महिला इंटरनॅशनल मास्टर झाली. रोहिणी १९८१ आणि १९८३ मध्ये आशियाई विजेती.

त्या काळात मुलींसाठी ना प्रशिक्षक, ना शिबिरं, ना परदेशवाऱ्या. सरावाला तोडीचं कोणी लागतं, तर ते यांना घरातच मिळालं. तीन बहिणी म्हणजे तीन सेकंड. बाहेर कुणी दार उघडत नव्हतं, आणि घरातली खोली मात्र भरलेली.

पण फक्त आपापसात आणि महिलांच्या स्पर्धेत खेळून किती वाढणार? १९७६ मध्ये, तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. तोवर हे कुणी केलं नव्हतं. गदारोळ झाला. मुलगी पुरुषांच्या स्पर्धेत कशी, म्हणून. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं आणि निकाल तिच्या बाजूने लागला. तेव्हा जागतिक संघटनेचे अध्यक्ष माजी जगज्जेते मॅक्स यूव होते. (गणिताचे शिक्षक, आणि नंतर कम्प्युटरचे प्राध्यापक! त्यामुळे मला ते आमच्यातलेच वाटतात.) त्यांनी निर्णय दिला, की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतून बाईला बाई म्हणून वगळता येणार नाही.

ही १९७६ ची गोष्ट आहे बरं का. आमच्या क्रीडा विभागातला तो संवाद २०१५ चा. मध्ये एकोणचाळीस वर्षं गेलेली. आम्हाला तेव्हा हा इतिहास कुणालाच ठाऊक नव्हता, बोर्ड वनलाही नाही. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचे नियम वेगळे असतील, संघाच्या स्पर्धेला तो निर्णय कदाचित लागूही पडला नसता. पण "बसत नाही" हे दोन शब्द ऐकून आपण गप्प परत आलो, आणि तिकडे एका तेरा वर्षांच्या मुलीसाठी घरचे कोर्टात गेले होते, हा फरक मला अजून छळतो.

एका घराला जे जमलं ते सांगलीत एका मंडळाला जमलं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं आणि वर्षानुवर्षं तिथे उन्हाळ्यात स्पर्धा भरवल्या. सांगलीच्या भाग्यश्री साठे, म्हणजे नंतरच्या भाग्यश्री ठिपसे, पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या झाल्या, १९९१ मध्ये आशियाई विजेत्या. स्वाती घाटेही सांगलीच्याच. मुंबई-पुण्याच्या मानाने लहान गाव, पण खोली उघडी होती आणि मुलींना आत येऊ देत होते, एवढाच काय तो फरक.

आनंदचंही तेच. त्याची पहिली खोली म्हणजे आई. मनिलाला असताना टीव्हीवर दुपारी बुद्धिबळाचा कार्यक्रम लागायचा, पोरगा शाळेत. आई कोडी उतरवून ठेवायची, संध्याकाळी दोघं मिळून सोडवायचे. बक्षीस म्हणून पुस्तकं मिळायची. शेवटी त्या लोकांनीच सांगितलं म्हणे, हवी तेवढी पुस्तकं घेऊन जा, पण आता उत्तरं पाठवू नका :) चेन्नईत सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रातला ताल चेस क्लब ही दुसरी खोली. आणि तिसरी जर्मनीत, फ्रँकफुर्टजवळ बाड सोडेन नावाच्या गावी.

२००८ च्या बॉनच्या सामन्याची तयारी या तिसऱ्या खोलीत झाली. समोर क्रामनिक, ज्याची तयारी भेदणं अशक्य समजलं जायचं. आनंदचे सेकंड: डेन्मार्कचा नीलसन, पोलंडचा वोयताशेक, उझबेकिस्तानचा कासिमझानोव आणि कोलकात्याचा सूर्यशेखर गांगुली. या मंडळींनी ठरवलं, की आनंदने आयुष्यभर राजापुढचं प्यादं ढकलून डाव सुरू केले, आता वजिरापुढचं ढकलायचं. म्हणजे रिलीजच्या सहा महिने आधी भाषाच बदलायची! आणि काळ्या बाजूने मेरान प्रकारात एक सुरुंग पेरून ठेवला, चौदाव्या चालीला उंट बी-७. तिसऱ्या डावात तो फुटला. काळ्याने आनंद जिंकला. पाचव्या डावात क्रामनिक पुन्हा त्याच वाटेने आला आणि पुन्हा हरला. चौतिसाव्या चालीला घोडा ई-३ वर आला आणि क्रामनिकने पुढच्याच चालीनंतर डाव सोडला. सामना साडेसहा-साडेचार.

२०१० ला सोफियात टोपालोवविरुद्ध तर आणखी मजा. आइसलँडचा ज्वालामुखी फुटला, विमानं बंद. आनंद आणि मंडळी फ्रँकफुर्टहून गाडीने चाळीस तास प्रवास करून पोचली. तीन दिवसांची मुदत मागितली, एक दिवस मिळाला. पहिला डाव आनंद हरला. पण या वेळी खोली फोनवरून वाढली होती: कास्पारोव, क्रामनिक आणि कार्लसन, तिघांनीही लांबून मदत केली होती, हे आनंदने नंतर स्वतःच सांगितलं. दोन माजी आणि एक होऊ घातलेला जगज्जेता! शेवटच्या बाराव्या डावात काळ्या सोंगट्यांनी जिंकून आनंदने पद राखलं. ज्या कार्लसनने मदत केली त्यानेच तीन वर्षांनी ते काढून घेतलं, हा भाग वेगळा.

मघाशी सांगितलेली गुकेशची यादी आता परत बघा. वोयताशेक म्हणजे बाड सोडेनचाच. गायेव्स्कीही पूर्वी आनंदबरोबर काम केलेला. २०२० च्या अखेरीस आनंदने निवडक मुलांसाठी अकादमी काढली, तिथे गुकेश आणि प्रज्ञानंद दोघेही शिकले आणि गायेव्स्की शिकवत होता. थोडक्यात आनंदने पद गेल्यावर घर आवरलं नाही, किल्ली पुढच्या पोरांना दिली.

आमच्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर विदित गुजराथी आहे. विंचूरपासून नाशिक साठ-एक किलोमीटर, तीन पाटीवर एसटीत बसलं की झालं. विदित २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाला, २०२३ ला त्याने ग्रँड स्विस जिंकली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये टोरांटोच्या कँडिडेट्समध्ये नाकामुराला दोन्ही डावांत हरवलं. तो स्वतः अनिश गिरीचा सेकंडही राहिलेला आहे, म्हणजे दुसऱ्याच्या खोलीत राबलेला माणूस. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत पहिल्यांदाच सुवर्ण मिळवलं. खुल्या संघात विदित होता आणि महिला संघाचा कर्णधार पुण्याचा अभिजित कुंटे. कर्णधार स्वतः एकही चाल खेळत नाही. फोटोत बाजूला उभा असतो.

पण साठ किलोमीटर हे अंतर नकाशावरचं आहे. चांगल्या प्रशिक्षकाची फी, नॉर्मसाठी परदेशी खेळाडू असलेल्या स्पर्धा, सोबत एका पालकाचा रजा टाकून प्रवास, हे सगळं धरलं तर विंचूर अजून बरंच लांब आहे. मोबाइल आणि इंजिनने ते कमी केलंय, नाकारत नाही. आजोबांच्या पारावर जे कळायला दहा वर्षं लागली असती ते आता पाचवीतल्या पोराला दुपारी कळतं. पण इंजिन भांडत नाही. "ही चाल मला आवडत नाही, का ते सांगता येत नाही," असं ते कधी म्हणत नाही. परभणीकर म्हणायचा, आणि शंभरात वीसदा बरोबर असायचा. ते वीस वेळा अजून लक्षात आहेत.

तिसऱ्या वर्षाला असताना न्यूयॉर्कला कार्लसन-कार्याकिन सामना झाला. बारा डावांत सहा-सहा. ३० नोव्हेंबर २०१६, कार्लसनचा सव्विसावा वाढदिवस, आणि टायब्रेक. आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर सुरू झालं ते पहाटेपर्यंत चाललं. आम्ही सात-आठ जण आमच्या खोलीत. बोर्ड वन तिच्या हॉस्टेलवर, रूममेट झोपलेल्या म्हणून अंधारात, मोबाइल घेऊन. ग्रुपवर चाली पडत होत्या. शेवटचा डाव, पन्नासावी चाल, कार्लसन विचार करत बसलेला. कार्याकिनच्या धमक्याही तयार होत्या, पुढच्याच चालीला मात बसेल अशा. आमच्यात काय खेळावं यावर भांडण पेटलं होतं आणि तेवढ्यात तिचा मेसेज आला: "वजीर एच-६."

वजीर फुकट देतेय की काय ही, असं कुणीतरी म्हणेपर्यंत पडद्यावर तीच चाल आली. राजाने मारला तर हत्ती एच-८ वर मात. प्याद्याने मारला तर दुसरा हत्ती एफ-७ वर मात. इंजिन बंद होतं, तिचा नियम आम्ही खोलीतही पाळायला लागलो होतो. परभणीकरने वहीत तारीख, वेळ आणि तिची चाल लिहून ठेवली.

बोर्ड वन आता बंगळूरला एका प्रॉडक्ट कंपनीत आहे, रविवारी ऑनलाइन खेळते. २८ जुलै २०२५ ला बातुमीमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती थेट ग्रँडमास्टर झाली. वय एकोणीस. आमच्या जुन्या ग्रुपवर अभिनंदनाचे पन्नास मेसेज पडले. तिचा सगळ्यात शेवटी आला: "आमच्या रेक्टर मॅडमचा नंबर कुणाकडे आहे का रे?"